पेन्सिलीचा नेम

मी आयुष्यात खोटं फार बोललो नाही. जे बोललो ते सगळं पेन्सिलीने बोललो, आणि ते पाच वर्षं चाललं.

दुबईत, देऱ्यात खल्फान अरबाबचं दुकान होतं, शिकारीच्या आणि मासेमारीच्या सामानाचं. पुढे गळ, दोऱ्या, तंबू, दुर्बिणी, ससाण्यांच्या डोक्यावर घालायच्या चामड्याच्या टोप्या. मागच्या खोलीत, दोन कुलपांच्या आत, रायफली. अरबाब म्हणजे मालक. तिथे तोंडावर अदब राखायची आणि पाठीमागे सगळ्यांनीच मालकाला अरे-तुरे करायचं, अशी पद्धत. मीही तसंच सांगणार आहे. त्यात अनादर नाही, उलट जीवच आहे.

रायफलींची साफसफाई, तेलपाणी आणि वर दुर्बीण बसवून नेम जुळवणं हे माझं काम. चौऱ्याण्णव साली आलो तेव्हा व्हिसावर 'हेल्पर' लिहिलं होतं आणि शेवटपर्यंत तेच राहिलं. पण या नागेशला बंदुकीतलं कळतं, हे अरबाबने पहिल्याच आठवड्यात ओळखलं. राजापूरकडच्या आमच्या गावात आबाकाकाच्या नावावर ठासणीची परवान्याची बंदूक होती. गावाची पारध निघाली की बाकीची पोरं हाकाऱ्यात ओरडत फिरायची, मी काकाच्या मागे दबा धरून बसायचो. त्यामुळे मला थोडी मिजास होती, ती अजून आहे.

दर गुरुवारी दुपारी अरबाब मला गाडीत घालून शारजाबाहेरच्या वाळूतल्या शूटिंग रेंजवर न्यायचा. तो सतरंजीवर पालथा पडायचा, शंभर मीटरवर फळीला कागद लावलेला असायचा, पाच गोळ्या झाडायचा. मग मी चालत जाऊन कागद आणायचो. पहिल्या गुरुवारी मी कागदापाशी पोहोचलो तर पाच गोळ्यांत एकच भोक, तेही कोपऱ्यात. बाकीच्या चार गोळ्या कुठल्या देशात गेल्या ते देवाला माहीत. मागे वळून पाहिलं तर अरबाब गुडघ्यांवर उठून, लहान मुलाने निकालाची वाट बघावी तसा माझ्याकडे बघत होता. साठीला आलेला माणूस, पांढरी दाढी, स्वभावाने लोणी. मला कसंतरीच झालं. खिशात पेन्सिल होती. पेन्सिलीची जाडी साधारण गोळीएवढीच असते, हे ज्याने ठरवलं त्याने माझं वाटोळं केलं. मी त्याच्याकडे पाठ केली आणि मधल्या काळ्या गोलात तीन भोकं पाडली.

"माशाल्ला," अरबाब म्हणाला आणि कागद छातीशी धरला. येताना मला मटण बिर्याणी खाऊ घातली.

आता पुढच्या गुरुवारी एकदम नेम बिघडला असं दाखवता येईना. त्याच्या पुढच्या गुरुवारी तर नाहीच. एकदा हरभऱ्याच्या झाडावर चढवलेल्या माणसाला खाली उतरवायला शिडी लागते, ती माझ्याकडे नव्हती. अरबाबने ते कागद फ्रेम करून दुकानात गल्ल्यामागच्या भिंतीवर लावायला सुरुवात केली. गिऱ्हाईक बघून म्हणायचं, माशाल्ला. आम्ही नोकरही म्हणायचो, माशाल्ला. अरबाबने उंटाला घोडा म्हटलं असतं तर आम्ही खोगीर आणायला धावलो असतो.

इथवर सगळी गंमतच होती. मग त्यात औडाड आला.

औडाड हा आफ्रिकेतला रानमेंढा. मेंढा म्हटल्यावर डोळ्यांसमोर धनगराचं मेंढरू आणू नका. सव्वाशे किलोचं धूड, वाळूच्या रंगाचं, मागे वळलेली मनगटाहून जाड शिंगं आणि गळ्यापासून पुढच्या पायांपर्यंत लोंबणारी केसांची झालर. पाण्याशिवाय दिवसचे दिवस काढतो आणि उभ्या कड्यावर जिन्याने चढावं तसा चढतो. अरबाबचा लहानपणापासूनचा दोस्त अबू सैफ, त्याची मसाफीच्या पुढे डोंगरात कुंपण घातलेली मोठी जागा होती आणि तिथे त्याने हे मेंढे पाळले होते. त्यांची संख्या वाढली, म्हातारे नर बाकीच्यांना शिंगं मारून जखमी करायला लागले. तेव्हा सरकारी परवानगीचा कागद काढून दोन-तीन नर मारायचे ठरले. सत्त्याण्णवच्या हिवाळ्यात एक नर अबू सैफने दोस्ताला दिला. "भिंतीवरचे कागद बघितलेत मी तुझे," तो म्हणाला.

अरबाबने गोळी झाडली ती नराच्या मागच्या मांडीला लागली. औडाड तीन पायांवर डोंगर चढून गेला.

आमच्या गावात नियम आहे, जनावर जखमी केलं तर ते सापडेपर्यंत बार काढणाऱ्याने घरी येऊन जेवायला बसायचं नाही. मी आणि अबू सैफचा तिथला माणूस अन्वर, आम्ही दोन दिवस दगडांतून रक्ताचे थेंब शोधत फिरलो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो एका घळीत उभा सापडला, पाय लटकत होता, तरी आमच्यावर शिंगं रोखून. अन्वरने एका गोळीत त्याला सोडवलं. अन्वर मलबारातला, शांत माणूस, पण त्या दिवशी तो माझ्याशी बोलला नाही. मला वाटलं, बार अरबाबचा होता, पण हे पाप माझं. नेम नसलेल्या माणसाला मी नेमबाज करून डोंगरावर पाठवलं होतं.

अरबाबने मात्र एकच निष्कर्ष काढला, बंदूक हलकी होती. नाचता येईना अंगण वाकडं. पण हे बोलायचं तोंड मला कुठे होतं, अंगण सारवलं होतं मीच.

झालं, रायफली मोठ्या होत गेल्या. आधी थर्टी-ओ-सिक्स होती. मग थ्री-हंड्रेड मॅग्नम आली. नव्व्याण्णवच्या दिवाळीच्या सुमारास थ्री-थर्टी-एट मॅग्नम आली, नऊ हजार दिरहमची. म्हणजे लाखाच्या वर रुपये, असं आमचा पॅट्रिक मोठ्याने म्हणाला. पॅट्रिक वसईचा, दुकानाचं ऑफिस सांभाळायचा. त्या मॅग्नमचा धक्का असा की खांद्यावर दुसऱ्या दिवशी निळं उठायचं. आणि बंदूक जितकी मोठी तितका अरबाबचा डोळा घट्ट मिटायचा. सगळ्या दुखण्याचं मूळ ते. बार निघायच्या क्षणभर आधी तो दचकायचा, डोळे मिटायचा आणि चाप हिसकायचा. हे मला पहिल्या महिन्यातच दिसलं होतं.

गिऱ्हाईकांना मी नेहमी सांगायचो, रानमेंढा दणकट असतो हे खरं, खांद्याचं हाड जाड, काळीज खाली, पुढच्या पायांच्या जवळ. पण चुकीच्या जागी तोफ लागली तरी तो पळतो आणि बरोबर जागी मध्यम बंदूक पुरते. तुम्हाला न घाबरता झाडता येईल ती तुमची बंदूक. परक्यांना हे शहाणपण फुकट वाटायचो आणि घरच्या मालकासमोर मूग गिळून बसायचो.

दोन हजार सालच्या जानेवारीत अबू सैफचा फोन आला. महिन्याभराने या, एक म्हातारा नर आहे.

अरबाब खूश होऊन मागच्या खोलीत आला, थ्री-थर्टी-एट उचलली आणि माझ्याकडे बोट केलं. त्याचं बोलणं मुंबईच्या व्यापाऱ्यांकडून शिकलेलं हिंदी, मी इथे मराठीत सांगतो. "नागेश, या वेळी बंदूक मोठी आहे, मी तयार आहे. आता चुकलं तर चूक नेम जुळवणाऱ्याची. मग तुझं खलास, गावी जा." हसत म्हणाला, पण सगळंच हसण्यावारी नव्हतं.

मी पॅट्रिकला सगळं सांगितलं. पेन्सिलीसकट.

"तू मॅड आहेस काय?" पॅट्रिक म्हणाला. "आता कन्फेस करायला हा काय चर्च आहे? अरबाबला फीडबॅक द्यायचा नसतो. सकाळी गुड मॉर्निंग, एकतीस तारखेला सॅलरी, खलास."

"आणि मेंढा?"

"मेंढ्याचा व्हिसा तू काढलायस?"

मी दोन दिवस विचार केला. घरी बायकोला, विनिताला, फोन केला, तिला काही सांगितलं नाही, नुसतं विचारलं की मी एकदम परत आलो तर चालेल का. ती म्हणाली, "चालेल. पण भांडून येऊ नका." मला ती घळ आणि तो लटकणारा पाय आठवत होता. गुरुवारी मी रेंजवर जाताना खिशात एक खोटी गोळी घेतली. आकाराने तंतोतंत खरी, आत दारू नाही. शिकणाऱ्यांना सरावासाठी आम्ही त्या विकायचो. आबाकाकाच्या बंदुकीत दारू ओली झाली की बार निघायचा नाही आणि नुसत्या 'टक' आवाजावर कोण दचकतं ते सगळ्या गावाला दिसायचं. तीच युक्ती.

अरबाबच्या दोन खऱ्या गोळ्यांनंतर मी खोटी भरली होती. त्याने चाप ओढला. टक. बार नाही, धक्का नाही, पण अरबाबचे दोन्ही डोळे गच्च मिटले, खांदा पुढे आला आणि नळीचं तोंड वाळूत गेलं.

तो तसाच पडून राहिला. मग हळूच डोळे उघडून नळीकडे बघितलं.

"अरबाब," मी म्हणालो, "बंदुकीत दोष नाही. बार निघायच्या आधी तुमचे डोळे मिटतात. पहिल्यापासून मिटतात."

"मग कागद?"

मी खिशातून पेन्सिल काढून त्याच्यासमोर सतरंजीवर ठेवली. त्याला समजायला थोडा वेळ लागला.

"भिंतीवरचे किती?"

"सगळे."

तो उठला, गाडीच्या मागच्या फळीवर जाऊन बसला. "वल्ला, मी ते माझ्या नातवाला दाखवले," तो म्हणाला. ओरडला असता तर बरं वाटलं असतं. मग तो गाडीत बसला आणि मला वाळूत सोडून निघून गेला. मी टॅक्सीने देऱ्याला आलो, चाळीस दिरहम, म्हणजे पावणेपाचशे रुपये. खरं बोलणं इतकं महाग पडतं हे मला ठाऊक नव्हतं.

तीन दिवस अरबाब दुकानात आला नाही. माझा पासपोर्ट त्याच्या तिजोरीत होता, मी बॅग भरून ठेवली. पॅट्रिक मला डबा आणून द्यायचा आणि सुतकी चेहरा करून बसायचा. चौथ्या दिवशी अरबाब आला, एकेक करून सगळ्या फ्रेम भिंतीवरून काढल्या, पॅट्रिकच्या टेबलावर ठेवल्या आणि मागच्या खोलीत माझ्यासमोर उभा राहिला.

"यल्ला, चल. कुठली बंदूक?"

मी कोपऱ्यातली टू-सेव्हंटी काढली. जुनी, हलकी, धक्का कमी. कोणी विकत घेत नव्हतं, घरचीच झाली होती, म्हणून आम्ही तिला थोरली वहिनी म्हणायचो.

"ही हरणांची," अरबाब म्हणाला.

"हरणांची, मेंढ्यांची, डोळे उघडे ठेवणाऱ्या सगळ्यांची."

तो माझ्याकडे असा बघायला लागला की मला वाटलं, गेलो. मग म्हणाला, "ऐक. आजपासून तू कागदाकडे बघायचं नाही. कागद पॅट्रिक आणेल. तू माझ्या डोळ्याकडे बघायचं. मिटला तर मिटला सांगायचं, उघडा राहिला तर उघडा. एकदा जरी मला बरं वाटावं म्हणून बोललास, त्याच दिवशी तुझं तिकीट."

ते तीन आठवडे माझ्या नोकरीतले सगळ्यांत मजेचे. सकाळी दुकान उघडायच्या आधी मागच्या खोलीत रिकामी बंदूक, नळीवर एक दिरहमचं नाणं. चाप दाबताना नाणं पडता कामा नये. नाणं पडायचं. "मिटला," मी म्हणायचो. पुन्हा पडायचं. "मिटला." अरबाब अरबीत काहीतरी बोलायचा, त्याचा अर्थ मी विचारला नाही. "अर्धा मिटला." "अर्धा काय असतं? डोळा आहे की दरवाजा?" पॅट्रिक बाहेरून गिऱ्हाइकांना सांगायचा, अरबाब मीटिंगमध्ये आहेत. दुसऱ्या आठवड्यात नाणं नळीवर राहायला लागलं. रेंजवर खऱ्या गोळ्यांना मात्र डोळा पुन्हा मिटू लागला, मग पुन्हा नाण्यापासून सुरुवात. तिसऱ्या गुरुवारी पॅट्रिक कागद घेऊन पळत आला. पाच भोकं, सगळी तळहाताएवढ्या जागेत, गोलाच्या थोडी डावीकडे. अरबाबने कागद घेतला, प्रत्येक भोकात करंगळीचं टोक घालून बघितलं आणि घडी करून खिशात ठेवला. त्या दिवशी तो माशाल्ला म्हणाला नाही.

शुक्रवारी पहाटे आम्ही मसाफीच्या पुढे त्या डोंगरात होतो. अबू सैफ, त्याचे चार-पाच पाहुणे आणि अन्वर. अबू सैफने टू-सेव्हंटी बघून भुवया वर केल्या. "खल्फान, नातवाची बंदूक चुकून आणलीस?" सगळे हसले. अरबाबही हसला, पण त्याचा हात कुंद्यावर घट्ट झालेला मला दिसला.

अन्वरने समोरच्या उतारावर नर दाखवला. दीडशे मीटरवर एकटाच उभा होता, झालर वाऱ्यावर हलत होती, एक शिंग टोकाला तुटलेलं. अरबाब पालथा पडला, मी त्याच्या शेजारी, तोंड त्याच्याकडे करून. नर आमच्याकडे छाती करून उभा होता. मागून कोणीतरी म्हणालं, मार. अरबाबने मारलं नाही, नर आडवा वळायची वाट बघत राहिला. दहा मिनिटं गेली, पाहुणे कुजबुजायला लागले. मग नर वळला असावा, कारण अरबाबचे ओठ हलले, बिस्मिल्ला, आणि बोट हळूहळू आवळलं गेलं.

बार झाला.

"चुकला," मागून अबू सैफ म्हणाला. "गेला बघ वर. उड्या मारत गेला." पाहुणे हळहळले. एकजण म्हणाला, हलकी बंदूक, दुसरं काय होणार.

अरबाबने मान वळवली. समोर बघितलंच नाही, माझ्याकडे बघितलं. "डोळा?"

"उघडा होता."

"चाप?"

"हिसकला नाही. सावकाश दाबलात."

"मग तो पळाला का?"

"औडाड आहे म्हणून. लागलीय त्याला. बरोबर लागलीय."

"तू बघितलंस लागताना?"

"नाही, अरबाब. मी तुमच्याकडे बघत होतो."

पाहुणे हसायला लागले. अबू सैफ म्हणाला, वा, नोकर असावा तर असा. अरबाब हसला नाही. तो माझ्या जवळ सरकला आणि हळू आवाजात म्हणाला, "मला बरं वाटावं म्हणून बोलतोयस?"

पाच वर्षं मी खोटं बोललो तेव्हा या माणसाने डोळे झाकून विश्वास ठेवला होता. आता खरं बोलत होतो तर ते हुबेहूब जुन्या खोट्यासारखं ऐकू येत होतं. आणि मला तरी खात्री कुठून असणार, मी मेंढा पाहिलाच नव्हता. चुकलो असतो तर माझं तिकीट ठरलेलं होतं आणि वर कुठेतरी हाही मेंढा दोन दिवस तडफडला असता.

"नाही," मी म्हणालो. "डोळा मिटला असता तर मिटला म्हणालो असतो."

अबू सैफ अन्वरला गाडी काढायला सांगत होता, पाठलाग करून मोठ्या बंदुकीने संपवू म्हणत होता. मी म्हणालो, आत्ता मागे लागू नका, लागलेलं जनावर मागे माणूस दिसला की मरता मरता डोंगर ओलांडतं. त्याला निवांत पडू द्या. पाव तास थांबा. हेल्परने यजमानाला असं सांगणं शोभत नाही, पण सांगून गेलो. अबू सैफने अरबाबकडे पाहिलं.

अरबाब सतरंजीवर मांडी घालून बसला. "बसा सगळे," तो म्हणाला. "पाव तास. हा म्हणतो ना."

असा पाव तास मी पुन्हा कधी काढला नाही. कोणीतरी थर्मासमधून चहा दिला, तो माझ्या हातात तसाच गार झाला. अरबाब घड्याळ बघत नव्हता, मी बघत होतो.

मग आम्ही वर चढलो. नर उभा होता त्या जागी दगडावर नाण्याएवढा रक्ताचा डाग होता. पुढे तीस पावलं काहीच नाही. अबू सैफने जीभ टाळ्याला लावून चुक् केलं. तेवढ्यात पुढे गेलेल्या अन्वरने हात वर केला. मोठ्या खडकाच्या मागे, नव्वदएक पावलांवर, तो कुशीवर पडला होता. पुढच्या पायाच्या लगेच मागे, खाली, जिथे लागायला हवी तिथेच लागली होती. काळीज फुटून तो तेवढा चढला होता. अन्वरने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा माझ्या खांद्यावर हात ठेवला.

अरबाब मेंढ्याशेजारी बसला. त्याच्या मानेवरच्या केसांतून हात फिरवत राहिला. पाहुणे माशाल्ला, माशाल्ला म्हणत होते, ते त्याला ऐकू येत नव्हतं असं वाटलं.

अबू सैफला मात्र राहवेना. तो मला म्हणाला, "आम्ही सहा जणांनी दुर्बिणीतून बघितलं, सगळ्यांना वाटलं चुकला. तू न बघता कसं सांगितलंस?"

मी काहीतरी बोलणार होतो, पण माझ्या आधी अरबाब बोलला. वर न बघता, हात मेंढ्यावर तसाच ठेवून.

"तुम्ही सगळे मेंढ्याकडे बघत होता," तो म्हणाला. "माझ्याकडे बघणारा हा एकटाच होता."

मला रडू आलं. मी ते लपवलं नाही.